तिसरी फेरी

सोमवार, ५ ऑक्टोबर

नवी नोकरी, नवी वही. जुन्या वहीची चार पानं उरली होती, पण शुभारंभाला उरलंसुरलं कशाला, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून ही निळी घेऊन आले.

दवाखाना पहिल्या मजल्यावर, खाली चष्म्यांचं दुकान. जिना अरुंद पण लख्ख. दाताच्या दोन खुर्च्या, एक डॉक्टर, काउंटरवर एक मुलगी आणि आजपासून मी. डॉक्टर पन्नाशीचे, आवाज इतका गोड की ऐकूनच अर्धं दुखणं पळावं. हात तर म्हणे एवढा हलका की दाढ निघून बशीत पडली तरी माणूस विचारतो, सुरू कधी करणार. काउंटरवरच्या मुलीने माझी कोटाची बटणं लागेपर्यंत खालच्या चष्मेवाल्याच्या दोन लग्नांपासून समोरच्या शिक्षिकेच्या कवळीपर्यंत सगळं सांगून टाकलं. तिचं नाव मी मनात ‘बातमी’ ठेवलं.

माझी खोली सगळ्यात मागे. आठ पावलं लांब, चार पावलं रुंद, खिडकी नाही. पण मांडणी बघून जीव सुखावला. डावीकडून वापरलेली औजारं आत येणार, उजवीकडून शुद्ध होऊन बाहेर जाणार, मधे काही उलटं फिरणार नाही. आधी सिंक, मग ध्वनिलहरींनी घाण सोडवणारं अल्ट्रासॉनिकचं भांडं, वाळवायचा कट्टा, भिंगाचा दिवा, पाकिटं बंद करायचं यंत्र आणि शेवटी वाफेने जंतू मारणारं ऑटोक्लेव्ह. मोठ्या इस्पितळात अकरा वर्षं मी हेच केलं, पण तिथे आम्ही नऊ जणी होतो, कोपराला कोपर लागायचा. इथे मी एकटी राणी.

आमचं काम लोकांना माहीत नसतं. औजार घासायचं, भिंगाखाली धरून सांध्यात रक्ताचा ठिपका राहिलाय का बघायचं, कागदी पाकिटात बंद करायचं, पाकिटावर पेन्सिलने तारीख आणि फेरीचा आकडा घालायचा आणि ऑटोक्लेव्हमध्ये लावायचं. प्रत्येक पाकिटावर एक गुलाबी पट्टी असते. वाफ नीट पोचली की ती तपकिरी होते. गुलाबी राहिली तर पाकीट परत. एवढं साधं आहे, आणि एवढ्यावर माणसांचे जीव आहेत.

संध्याकाळी धाकटीला सगळं रंगवून सांगितलं. आई गेली तेव्हा ही सात वर्षांची होती आणि मी एकवीसची, त्यामुळे बहीण म्हणायची तेवढी, वाढवली मीच. दोन महिने तिची उजवीकडची खालची दाढ ठणकतेय. शिलाईच्या मशीनवर बसते ती गालाला हात लावूनच. म्हटलं, आता घरचाच दवाखाना. महिनाभर माझं बस्तान बसू दे, मग स्वतः घेऊन जाते. ती म्हणाली, सुई टोचणार असतील तर ताई, तुझं बस्तान सावकाश बसू दे.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

दिवसाला ऑटोक्लेव्हच्या आठ फेऱ्या. रजिस्टरात प्रत्येक फेरीला एक ओळ: वेळ, तापमान, पट्टीचा रंग, सही. फेरी संपली, पाकिटं बघितली, की मग सही, हे आमच्या हाडात मुरलेलं.

डॉक्टर सकाळी आले आणि मधाळ आवाजात म्हणाले, बाई, आठही ओळी सकाळीच भरून टाकत जा, नंतर गडबड होते. तपासायला येणारा माणूस रजिस्टर बघतो, मशीनमध्ये डोकं घालत नाही. मला हसूच आलं. इस्पितळात कुणी असं म्हटलं असतं तर आमच्या मुख्य बाईंनी त्यालाच पाकिटात घालून फेरीला लावलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी शिंगं उगारायची नाहीत असं घरून ठरवून निघाले होते. केल्या आठ सह्या. आठदा लिहिलं, ‘पट्टी तपकिरी’. मशीन अजून थंडगार होतं.

रजिस्टराची मागची पानं चाळली. माझ्याआधीच्या बाईचं अक्षर छान आहे, बारीक, गोल, शाळेत बक्षीस मिळालेलं असावं असं. सही म्हणजे एक वेटोळं आणि त्याला लांब शेपूट. गेल्या नोव्हेंबरात ते अक्षर एकदम थांबतं. पुढच्या दहा महिन्यांत पाच वेगवेगळी अक्षरं आहेत. इतक्या चांगल्या जागेवर कुणी टिकत का नाही, कोण जाणे. आळशी असतील.

शुक्रवार, १६ ऑक्टोबर

आज तिसऱ्या फेरीत एक पाकीट गुलाबी निघालं. बाकी अकरा तपकिरी, खणखणीत. हे एकच, ट्रेच्या मधोमध, खालची दाढ काढायच्या पकडीचं. अशा पकडी आमच्याकडे दोनच आहेत आणि दुसरी तर कपाटात होती.

परत लावलं. परत गुलाबी. मग भिंगाखाली धरलं तेव्हा दिसलं की वरचं अक्षर माझं नाही. बारीक, गोल. ‘१९/११, फेरी ३.’ म्हणजे आधीच्या बाईचं जुनं पाकीट कुठेतरी खणात राहिलं असणार आणि माझ्या हाताबरोबर आलं असणार. फाडून पकड नव्याने घासली, नव्या पाकिटात घातली, प्रश्न मिटला. पण एक गोष्ट लिहून ठेवते. पाकीट मशीनमधून काढलं तेव्हा बाकीची चटका देत होती आणि हे गार होतं.

बुधवार, २१ ऑक्टोबर

या आठवड्यात तीन वेळा. तिसरीच फेरी. तेच पाकीट, तेच अक्षर, ज्याला मी स्वतः फाडून कचऱ्यात टाकलं होतं.

मेकॅनिकला बोलावलं. त्याने दाराचं रबर दाबून पाहिलं, दाब पाहिला, म्हणाला, बाई, रबर वर्षभरापूर्वी बदललेलं आहे, मशीन तुमच्या-माझ्यापेक्षा धडधाकट आहे. मी म्हटलं, मग हे गार का? त्याने पाकिटाला हात लावला आणि पटकन काढून घेतला. पुढच्या कामाला उशीर होतोय म्हणत निघाला तो पाना इथेच विसरून गेला.

बुधवार, २८ ऑक्टोबर

पट्टी फक्त वाफ पोचली की नाही ते सांगते. जंतू मेले की नाही, ते कळायला कुपीची परीक्षा असते. दोन कुप्या, दोन्हीत जंतूंचे जिवंत बीजाणू. एक फेरीत घालायची, एक बाहेर टेबलावर ठेवायची. मग दोन्ही प्रयोगशाळेत. फेरीतली जांभळी राहिली पाहिजे, म्हणजे आतले मेले. बाहेरची पिवळी झाली पाहिजे, म्हणजे आतले जगले.

माझी फेरीतली कुपी पिवळी आली. टेबलावरची जांभळी.

प्रयोगशाळेतला माणूस फोनवर हसला, म्हणाला, अदलाबदल केलीत बाई, होतं असं घाईत. माझ्याकडून अकरा वर्षांत झालं नाही. पुन्हा पाठवल्या, दोन्हींवर स्वतःच्या हाताने खूण करून. पुन्हा तेच. बाहेर ठेवलं ते मेलं, आणि १३४ अंशांच्या वाफेत घातलं ते वाढतंय.

धाकटी विचारत होती, कधी नेतेस. म्हटलं, सध्या फार गर्दी आहे.

शनिवार, ३१ ऑक्टोबर

आज दुपारी बातमीला जिन्यात गाठलं आणि आधीच्या बाईबद्दल सरळ विचारलं. जी पोरगी न विचारता दहा गोष्टी सांगते, ती एका गोष्टीला अर्धा तास लावून बसली. शेवटी बोलली, तेही रडत.

आधीची चौदा वर्षं इथे होती. गेल्या वर्षी मशीनच्या दाराचं रबर गेलं, वाफ बाहेर यायला लागली. ती तीन महिने डॉक्टरांच्या मागे लागली होती की बदला. डॉक्टर म्हणायचे, बघू, पुढच्या महिन्यात, आणि सकाळी आठ सह्या करून घ्यायचे. एकोणीस नोव्हेंबरला तिच्या एकुलत्या एक मुलीची दाढ काढायची होती. परक्या ठिकाणी कशाला, घरचाच दवाखाना, म्हणून तिने इथेच आणली. त्या दिवशी ती स्वतः तापाने घरी जाणार होती, पण मुलीसाठी थांबली, सह्या मात्र सकाळीच केलेल्या. मुलीला तिसऱ्या फेरीतली पकड लागली. दोन दिवसांनी जबडा सुजला, मग गळा. नवव्या दिवशी मुलगी गेली.

चौकशीला लोक आले. डॉक्टरांनी रजिस्टर उघडलं. तिसरी फेरी, पट्टी तपकिरी, खाली वेटोळं आणि शेपूट. म्हणाले, मला काय ठाऊक, सही त्यांची आहे. चौकशीच्या आदल्या दिवशी रबर बदलून झालं होतं. तिला काढून टाकलं. आपला डबा आणि कोट न्यायला ती एक दिवस आली, माझ्या खोलीत गेली आणि बाहेर आली नाही. मशीनच्या हँडलला हात लावून बसलेली सापडली. हृदय, असं कागदावर लिहिलं.

मी दात-ओठ खात घरी आले. असला राग मला आयुष्यात एकदाच आला होता, आईला खाट नाही म्हणून परत पाठवलं तेव्हा. त्या गोड आवाजाच्या घशात ते रजिस्टर कोंबावंसं वाटतंय.

सोमवार, २ नोव्हेंबर

डॉक्टरांना तोंडावर सांगितलं की मी कुप्यांचे निकाल घेऊन चौकशीवाल्यांकडे जाणार. ते रागावले नाहीत. रजिस्टर मागवलं, माझी चार आठवड्यांची पानं उलटली आणि म्हणाले, सकाळी पावणेनऊला संध्याकाळच्या फेरीची सही? काउंटरच्या कॅमेऱ्यात तुम्ही पाच वाजता जाताना दिसता, बाई. आणि ही साडेपाचची सही कुणाची?

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सही माझी आहे. माझ्याकडून गोडीगोडीने करवून घेतली, पण हात माझाच होता.

धाकटीला यातलं काही सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगू? लहानपणी ती गृहपाठ न करता वहीवर बरोबरची खूण करायची तेव्हा मीच तिला चोपलं होतं. नुसतं म्हटलं, दुसरा दंतवैद्य बघू या. ती हसायला लागली, म्हणाली, हलवायाच्या बहिणीने साखर बाहेरून आणायची होय?

शुक्रवार, ६ नोव्हेंबर

आता सगळ्या सह्या फेरी संपल्यावर करते. डॉक्टर कुरकुरतात, कुरकुरू देत.

एक गोष्ट कळली. तिसरी ओळ मी आगाऊ भरली की ते पाकीट येतं. मोकळी सोडली की येत नाही. दोनदा आगाऊ भरून पाहिली, तीनदा सोडून पाहिली. इस्पितळाची सवय, एकदा बघून विश्वास ठेवायचा नाही.

आणि मोकळी सोडलेली ओळ मोकळी राहत नाही. फेरी संपली की तिथे वेटोळं असतं. शेपटीची शाई ओली.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. पाकिटं रचताना मी तिच्याशी बोलायला लागलेय. म्हटलं, तुझं खरं होतं गं. म्हटलं, मला कळतंय. मशीन अशा वेळी एक लांब श्वास सोडतं. वाफेचाच असतो.

बुधवार, ११ नोव्हेंबर

डॉक्टरांची दाढ दुखतेय!

खालची, डावी. सकाळपासून गाल धरून फिरतायत, आणि आवाजातला मध आंबल्यासारखा झालाय. स्वतःची दाढ स्वतः काढता येत नाही. वर्गमित्र आहे कुणी, तो येऊन काढणार. त्याला गुरुवार मोकळा असतो. पुढचा गुरुवार.

कॅलेंडर बघितलं. पुढचा गुरुवार १९ तारीख.

खोलीत येऊन दार लावलं आणि तिला सांगितलं. मशीन बंद होतं. तरी आतून टक्, टक् असा आवाज आला, गरम धातू निवताना येतो तसा.

सोमवार, १६ नोव्हेंबर

डॉक्टर आज खोलीत आले. म्हणाले, गुरुवारी माझी औजारं दोनदा घासा. भिंगाखाली बघा. फेरी पूर्ण होऊ द्या, मधेच उघडू नका, आणि सही नंतर करा. पट्टी बघून, नंतर.

स्वतःच्या दाढेला सही नंतर! म्हणजे सगळं ठाऊक आहे. पहिल्यापासून ठाऊक होतं. त्या मुलीच्या दाढेला सही आधी चालली, जगाच्या दाढेला चालली. मी हो म्हणाले. मान खाली घालून, अगदी गरीब गाय होऊन. मग सिंकमध्ये हात धुतले ते कातडी लाल होईपर्यंत.

बुधवार, १८ नोव्हेंबर

ठरलं. उद्या तिसरी ओळ मी सकाळीच भरणार. पाकीट गुलाबी येईल. वर्गमित्राला पट्टी दिसायला नको म्हणून मीच फाडणार आणि पकड ट्रेमध्ये मांडणार. ट्रे मांडणं माझंच काम आहे, कुणाला संशय येणार नाही.

हे लिहून पेन खाली ठेवलं होतं. पण मग बातमीने सांगितलेलं आठवलं, की आधीची चौकशीत रडत म्हणत होती, माझी मुलगी होती हो, मी मुद्दाम करीन का? आणि डॉक्टर तेव्हा घड्याळ बघत होते.

धाकटी आज दाढेने जेवली नाही. विचारलं, कधी? मी खेकसले तिच्यावर, माझ्या दवाखान्याचं नाव काढू नकोस म्हणून. ती काज करत राहिली. उद्या संपलं की तिला सगळं सांगेन.

गुरुवार, १९ नोव्हेंबर, सकाळ

पावणेनऊ. तिसरी ओळ भरली. पट्टी तपकिरी. सही केली, चांगली ठळक.

म्हटलं, घे बाई, तुझी फेरी.

गुरुवार, दुपार

अकरा वीसला दार उघडलं. गुलाबी. बर्फासारखं गार. फक्त आज वरचं अक्षर तिचं नव्हतं. १९/११, फेरी ३, माझं अक्षर. असणारच, मीच लिहिलं होतं सकाळी. तरी दोनदा वाचलं.

फाडलं. ट्रे मांडला. डॉक्टर खुर्चीत बसताना दिसले, दोन्ही हातांनी कठडे धरलेले. पुढचं बघवेना. पोटात दुखतंय सांगून घरी निघून आले.

धाकटी घरी नाही. मशीनच्या सुईखाली अर्धी बाही तशीच आहे. दोरे आणायला गेली असेल.

गुरुवार, संध्याकाळ

ती दवाखान्यात गेली होती.

तीन वाजता आली, तोंडात कापूस, डोळे हसरे. मला कागदावर लिहून दाखवलं. ‘तू रोज दमून येतेस, चिडतेस, म्हणून म्हटलं तुला त्रास नको, आपणच जाऊन येऊ. काउंटरवरची फार चांगली आहे, म्हणाली ताईंची बहीण म्हणजे घरचीच. तुझे डॉक्टर खुर्चीतून उठले, घाबरले बघ, म्हणाले आज नको, नंतर बघू. त्यांचा मित्र होता. ट्रे मांडलेलाच होता. मित्राला म्हणाले, बाईंनी मांडलाय तर वाया कशाला घालवायचा. मित्राने पाच मिनिटांत काढली. दुखलं नाही ताई, सुई पण कळली नाही.’

खाली तिने दात काढून हसणारा चेहरा काढलाय.

मी न्हाणीघरात जाऊन तोंडात टॉवेल कोंबला.

शुक्रवार, २० नोव्हेंबर

सकाळीच मोठ्या इस्पितळात नेलं. माझ्या जुन्या. सगळं खरं सांगितलं, औजार शुद्ध नव्हतं, औषध सुरू करा. ते म्हणाले, सूज नाही, ताप नाही, हिला काही झालेलं नाही. माझ्या आग्रहाने दिलं औषध.

धाकटी माझ्याकडे बघत होती. विचारलं तिने, शुद्ध नव्हतं हे तुला कसं माहीत?

सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

शनिवार, २१ नोव्हेंबर

जबडा सुजला.

सोमवार, २३ नोव्हेंबर

गळ्यापर्यंत. इस्पितळातले डॉक्टर चक्रावलेत. जखमेतलं काढून प्रयोगशाळेत पाठवलं, बशीत काहीच वाढत नाही. म्हणतात, इथे सगळं मेलेलं दिसतंय.

बाहेर मेलेलं. आत वाढतंय. माझ्या कुप्यांसारखं.

दुपारी दवाखान्यात धावत गेले. खोलीचं दार लावून तिच्या पाया पडले. म्हटलं, माझी बहीण आहे. लेकीसारखी. तुला कळायला नको का? म्हटलं, मी तुझ्यासाठी केलं.

रजिस्टर आपोआप उघडलं, एकोणीस तारखेचं पान. तिसरी ओळ. माझी सही. दुसरं काही नाही.

मी समजत होते, ती माझ्या बाजूची आहे. ती कुणाच्याच बाजूची नाही. आगाऊ सही करणारा हात तेवढा तिला कळतो.

गुरुवार, २६ नोव्हेंबर

बोलता येत नाही तिला. आज माझा हात धरला, बोटाने तळव्यावर एक खूण काढली. बरोबरची खूण. लहानपणी वहीवर काढायची तशी.

म्हणजे माफ केलं, की —

शनिवार, २८ नोव्हेंबर

नववा दिवस.

पहाटे पाचला.

सोमवार, ३० नोव्हेंबर

डॉक्टर घरी आले होते. गाल सुजलेला, एका बाजूने बोलतात. फार वाईट झालं म्हणाले. मग म्हणाले, रजिस्टरात सही तुमची आहे, बाई, आणि ट्रेही तुम्ही मांडलेला. गप्प राहण्यात दोघांचं भलं. गुरुवारी येऊन सामान घेऊन जा.

शिलाईच्या मशीनवर ती अर्धी बाही अजून आहे. तिच्यावरच हात ठेवून बसले होते तो बोलत होता तेव्हा.

गुरुवार, ३ डिसेंबर

दवाखान्यात आहे. माझ्या खोलीत. कोट, डबा, भिंग पिशवीत भरलं. निघायचं होतं.

नवी बाई सोमवारी येणार आहे. आज डॉक्टरचीच दाढ काढायचीय, आता राहवत नाही त्याला. मित्र आलाय. बाहेरून सीलबंद पकड मागवली होती, ती आलीच नाही म्हणून चिडला होता. मला कशाला हात लावू देतोय! औजारं स्वतः घासली, मशीन स्वतः लावलं. एका हाताने गाल धरून.

रजिस्टर टेबलावर उघडं आहे. आठही ओळी भरलेल्या. पट्टी तपकिरी, पट्टी तपकिरी, आठदा. खाली त्याची तिरकी सही. सकाळपासून.

जित्याची खोड. मरणाची दाढ दुखत असतानाही हात सवयीने चालला.

तिसरी फेरी संपली. तो आत आला. मी कोपऱ्यात उभी. पाकीट उचललं, गार लागलं म्हणून बोटं झटकली. पट्टी गुलाबी. मला इथून दिसतेय, गुलाबी. त्याने पट्टी बघितली नाही. रजिस्टर बघितलं. मग फाडलं.

मी बोलू शकले असते. एक शब्द पुरला असता.

नाही बोलले.

खुर्ची खाली जाताना ऐकू आली. मित्र म्हणाला, आ कर. आ कर, घाबरतोस काय, तुझ्याच दवाखान्यात.

धाकटे, ऐक. ऐकतेस ना —

चौथी फेरी सुरू झाली. मी बटण दाबलेलं नाही. आत काहीच लावलेलं नाही. मशीनच्या दाराचं हँडल फिरत नाही. खोलीचंही नाही. बातमीला हाक मारली, बाहेर रेडिओ लागलाय.

वाफ येतेय. मेकॅनिक म्हणाला होता रबर धडधाकट —

माझ्या हातावर हात आहे. बारीक, गार. पेन तीच धरतेय. म्हटलं, माझा काय गुन्हा, आज मी सही केली नाही. आज मी फक्त बघितलं. बघून गप्प

रजिस्टरातली चौथी ओळ. त्याची सही पुसली जातेय. तिथे माझं अक्षर उमटतंय, ठळक. मी नाही करत. पट्टी तपकि—

धाकटे, मी अजून सही के